बुक्क्याची डबी

“आणि तू काय म्हणालास तिला?”

दाजीबुवांनी घेवड्याची शेंग मोडता मोडता विचारलं. मान काही वर केली नाही.

विश्वंभरच्या आवाजाला माइकची गरज नाही असं सगळा तालुका म्हणायचा, आणि तो आवाज त्या सकाळी घशाखाली कुठंतरी दडून बसला होता.

“विचारतोय मी.”

“म्हणालो... नशेबाज बाई.”

“बाजूला घेऊन म्हणालास?”

“नाही बुवा. कीर्तनात. भर मंडपात.”

बुवांनी शेंगेची शीर ओढली आणि बाजूला टाकली.

गावोगावचे लोक विश्वंभरला महाराज म्हणत. बुवांच्या ओट्यावर मात्र तो नुसता विश्वंभर. मिसरूड फुटायच्या आधी याच ओट्यावर तो टाळ धरायला शिकला होता. पुढं नाव झालं, गाडी आली, व्यसनमुक्तीची कीर्तनं सुरू झाली. कीर्तन संपलं की मंडपातून परडी फिरायची. त्यात कुणी तंबाखूची पुडी टाकायचं, कुणी विडीचं बंडल. टाकणाऱ्याला महाराज स्वतः उठून तुळशीची माळ घालायचे आणि शपथ द्यायचे. पाया पडायला झुंबड उडायची. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचं.

त्या दिवशी एका बाईनं परडीत गोळ्यांची पाकिटं टाकली होती. सुलोचनाबाई तिचं नाव, अंगणवाडीत मदतनीस. तिला पुढं ढकललं होतं तिच्याच जावेनं. “महाराज, हिच्या गोळ्यापण सोडवा, रोज खाते ही,” असं ती बया सगळ्यांदेखत ओरडली होती. बाई पदर तोंडाशी धरून उभी होती. आणि विश्वंभरला काय चेव चढला देव जाणे. “ही गोळी नाही, ही कागदात बांधलेली दारू आहे! बघा, नशा आता पदराआड शिरली!” मंडपात टाळ्या पडल्या. बाईनं खाली मान घालून माळ घालून घेतली.

“गोळ्या डॉक्टरनं दिल्या होत्या ना तिला?” बुवांनी विचारलं.

“हो. जिवाची घालमेल व्हायची तिच्या, त्यासाठी.”

“मग नशेबाज कशी?”

“वर्षानुवर्षं घेत होती, बुवा. घेतल्याशिवाय तिला राहवायचं नाही.”

“हं...”

बुवांनी पुढची शेंग उचलली.

“पुढं?”

पुढचं सांगताना विश्वंभरची जीभ अडखळली. दोन-तीन दिवसांनी बाई पहाटे नळावर पाणी भरत होती. तिथंच फिट येऊन पडली. दातखीळ बसली, कपाळ फुटलं. तालुक्याच्या दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर सगळ्यांवर डाफरला, की ही गोळी अशी एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवायची असते, कुणी अक्कल शिकवली हिला? त्यानं गोळी पुन्हा चालू करायला सांगितलं. आणि बाई घ्यायला तयार नाही.

“का?”

“म्हणते, महाराजांनी माळ घातलीय. शपथ मोडली तर लेकरांवर येईल. काल पुन्हा फिट आली तिला. नवरा माझ्या दारात येऊन रडला. म्हणाला, महाराज, तुम्ही घातलीत, तुम्हीच मोकळी करा.”

“मग गेला नाहीस?”

“नाही, बुवा.”

“अरे, ती बाई तिकडं मरायला टेकलीय आणि तू इकडं माझ्याकडं कशाला आलास?”

“तुम्ही चला, बुवा. तुम्ही माझे गुरू. तुमचा अधिकार मोठा. तुम्ही माळ उतरवलीत तर कुणी तोंड उघडणार नाही.”

“मी घातली का?”

“नाही.”

“मग मी कशी उतरवू?”

विश्वंभर खाली बघू लागला. “मग मी आज गुपचूप तिच्या घरी जातो. दार लावून...”

“घातलीस कुठं?”

“मंडपात.”

माळ चारचौघांत घातली तर चारचौघांतच उतरवायची, ही रीत बुवांनीच त्याला शिकवली होती. पुन्हा सांगायची गरज नव्हती.

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, हात धोतराला पुसले आणि एकदम कपाळ पुढं केलं.

“बोलण्याच्या नादात राहूनच गेलं बघ. बुक्का लाव.”

भेटल्यावर एकमेकांच्या कपाळी काळा बुक्का लावायचा, हा कीर्तनकारांचा रिवाज. विश्वंभरची पितळी डबी सदऱ्याच्या खिशात कायम असे. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

त्याचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

“डबी... घरी राहिली वाटतं.”

“खिशात काय वाजतंय मग?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. बुवा कपाळ पुढं करून तसेच बसून राहिले. म्हातारा माणूस, मान थरथरत होती, पण मागं घेईना.

विश्वंभरनं डबी काढली. उघडली.

आत बुक्का नव्हताच. तळाला काळी धूळ चिकटली होती आणि तिच्यावर काळपटलेल्या गोळ्या पडल्या होत्या.

“कधीपासून?”

“ही गेल्यापासून.” बायको गेल्यानंतर त्याला कीर्तनाला उभं राहिलं की छातीत धडधडायचं, हातातल्या चिपळ्या थरथरायच्या. शहरातल्या डॉक्टरनं थोडे दिवस घ्या म्हणून दिल्या होत्या. “ते थोडे दिवस संपलेच नाहीत, बुवा.”

“घेतल्याशिवाय राहवतं का?”

“नाही.”

“तिचीच गोळी?”

“तीच.”

बुवांनी डबीत बोट फिरवलं. गोळ्या इकडून तिकडं सरकल्या.

“ह्या तुझ्या?”

विश्वंभरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खरी लाज अजून सांगायचीच होती.

“नाही... माझ्या त्या दिवशी संपल्या होत्या. तालुक्यातल्या दुकानात कसा मागू? सगळे ओळखतात. परडी माझ्याच खोलीत ठेवली होती... ह्या तिच्या आहेत, बुवा. तिला मंडपात नशेबाज म्हणालो आणि रात्री तिचीच गोळी खाल्ली. ती नळावर पडली, तेव्हा मी तिच्या गोळीवर शांत झोपलो होतो.”

विश्वंभर हुंदके देत होता आणि बुवा त्याच्याकडं नुसते बघत होते.

मग त्याच्या अंगात काय आलं कोण जाणे. “आजपासून बंद! मेलो तरी बेहत्तर!” म्हणत तो डबी घेऊन आतल्या चुलीकडं धावला.

बुवांनी पुढं होऊन त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

“एकीला पाडलंस तेवढं पुरे नाही झालं?”

त्यांनी मडक्यातून तांब्या भरला आणि त्याच्यापुढं धरला.

“आजची घेतलीस?”

“नाही.”

“घे.”

“तुमच्यासमोर?”

“माझ्यासमोर.”

ओट्यासमोरच्या वाटेनं शेतावर जाणाऱ्या बाया चालल्या होत्या. एकदोघी महाराज दिसले म्हणून हात जोडून थबकल्यासुद्धा. विश्वंभरनं त्यांच्याकडं पाठ करायला सुरुवात केली. बुवांनी खांदा धरून त्याला पुन्हा वाटेकडं वळवलं.

इतक्या वर्षांत त्यानं ती गोळी कुणाच्या नजरेसमोर घेतली नव्हती. कशीबशी गिळली. बाया एकमेकींकडं बघत पुढं गेल्या.

“डॉक्टरकडं जाईन, बुवा. तो म्हणेल तशी उतरवीन.”

“जाशील.”

“आणि तिची माळ आज संध्याकाळीच उतरवतो. मंडपात, सगळ्यांसमोर. पण...” तो थांबला. “लोकांपुढं स्वतःला काय म्हणू? आजारी म्हणू की नशेबाज?”

“तिला काय म्हणणार आहेस?”

विश्वंभरनं डोळे पुसले, डबीचं झाकण लावलं आणि पायरी उतरला. उतरता उतरता वळून विचारलं,

“डबी धुऊन नेऊ का, बुवा? ताजा बुक्का भरतो.”

बुवा पुन्हा शेंगांपाशी बसले होते.

“नको. आहे तशीच ने. तिच्या हातात दे, कपाळ पुढं कर, आणि म्हण, बाई, बुक्का लावा.”