भिवराबाईची भट्टी आणि ओळखदिवा

एका राज्यात, जिथं नद्या दमल्या की डोंगरावर परत जात आणि पोपट न्यायसभेत साक्षीला उभे राहत, वेशीवर एक दिवा होता. खाली मातीची पणती, वर निळसर काचेची घुमटी. त्याला ओळखदिवा म्हणत. सांजेला तो लागला की उजेड ज्याच्या अंगावर पडे, त्याला आपलं माणूस कधी परकं होत नसे. बारा मुलखांची माती तुडवून, दाढी वाढवून एखादा परत आला, तरी वेशीवरची म्हातारी म्हणायची, "आलास होय रे? जा, आई उंबऱ्यात बसलीय तुझी." काय ते दिवस होते. गायी आपापल्या गोठ्यात जात, सासुरवाशिणी माहेरची वाट चुकत नसत, आणि मडकं घेताना लोक बोटानं टिचक्या मारून बघत, पण कुंभारीण रागवत नसे. वाजवून घ्या, म्हणायची. खोटं असेल तर तेच सांगेल.

ही कुंभारीण म्हणजे भिवराबाई. तिचा नवरा काच करणारा. दोघांनी मिळून एकाच भट्टीत, एकाच आगीत तो दिवा भाजला होता. पुढं नवरा गेला. मागं राहिली लेक केवडा आणि काचेच्या तीन चकत्या.

पण मधली एक गोष्ट राहिली. दिवा भाजला त्याच आठवड्यात पुलकेतू राजाचा राज्याभिषेक होता. राजा तेव्हा कोवळा होता, आणि कोवळ्या राजाला थांबणं ठाऊक नसतं. भट्टी तीन दिवस निवायची, तो पहिल्याच दिवशी चांदीचा दंड घेऊन आला.

भिवराबाई म्हणाली, "महाराज, भट्टीला अजून हात लाववत नाही."

राजा म्हणाला, "मुहूर्त थांबत नाही," आणि दंडानं दार फोडलं.

दिवा चांगला निघाला. कुठं चीर नाही, डाग नाही. पण भट्टीच्या तोंडात अग्निमाय राहत असे, ती बोलली. "राजा, तुझी घाई काचेनं मनात ठेवलीय. बारा वर्षांनी ती बोलेल. त्या दिवसापासून या राज्यात माणूस माणसाला विसरेल. पुन्हा तसाच दिवा भाजून घेशील आणि या वेळी थांबशील, तरच हे फिटेल." एवढं बोलून ती विझली आणि भट्टीचं छत खाली बसलं.

बारा वर्षं झाली. एका दुपारी वारा नाही, धक्का नाही, काचेची घुमटी आपोआप तडकली आणि दिव्याचे तुकडे झाले.

त्या सांजेपासून लोक विसरू लागले. रोज सांजेला एकेक गोष्ट जायची. भिवराबाई आधी नवऱ्याचं नाव विसरली. पण ते तिनं उखाण्याखेरीज कधी घेतलंच नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही. मग ती चाक फिरवायचं विसरली. मग घराचं दार. केवडा तिचा हात धरून घरात आणायची आणि मनात म्हणायची, आता विसरायची मीच तेवढी उरले.

राजानं केवडेला बोलावलं. "बाई, तुझ्या आईची भट्टी शापित आहे. राज्यात दुसऱ्या दोन आहेत, दोन्ही नामांकित. त्यांतली उत्तम निवड आणि दिवा कर."

केवडेनं तीन कच्च्या पणत्या, घुमटीचा साचा आणि काचेच्या तीन चकत्या टोपलीत घेतल्या आणि निघाली.

पहिली भट्टी विकंट जादूगाराची. सोन्याची, आणि तिच्या झाकणात सूर्याचा एक किरण कोंडलेला. वरून ऊन पडावं तशी आग पडायची.

विकंट म्हणाला, "पोरी, घटकेत तापते, घटकेत निवते. अशी दुसरीकडे सापडणार नाही."

केवडेनं एक पणती आणि साच्यावर एक चकती ठेवली. घटकाभरानं झाकण उघडलं. काच साच्यावर मधासारखी वाकून बसलेली, पण खाली पणती कच्चीच. बोटानं वाजवली तर थप्प वाजली. आणि केवडा बघत होती तोवर काचही तडकली.

"काचच कमअस्सल," विकंट म्हणाला.

"माझ्या बापाची काच आहे," केवडा म्हणाली. "तुमच्या भट्टीला घाई आहे."

दुसरी भट्टी नागराजाच्या डोंगरात. तांब्याची, आणि तिच्या भिंतींत आगीचे सात नाग वेटोळी घालून बसलेले. चहूबाजूंनी फुत्कारायचे.

नागराज म्हणाला, "इथं भाजलेली माती हजार वर्षं टिकते."

ते खरंच होतं. पणती निघाली ती देवळातल्या घंटेसारखी वाजली. पण काचेचं पाणी होऊन पणतीच्या बुडाशी साचलं होतं.

नागराजाला वाईट वाटलं. तो म्हणाला, "बाई, माझे नाग हळू फुंकायला शिकलेच नाहीत. खोटं कशाला बोलू."

केवडा एक पणती आणि एक चकती घेऊन परत आली. पडक्या भट्टीजवळ बेहड्याचं झाड होतं, त्याखाली बसली. झाडाच्या ढोलीत एक धनेशीण होती, भल्या मोठ्या चोचीचं पाखरू. ढोलीचं दार तिनं आतून मातीनं लिंपून घेतलेलं, चोच बाहेर येईल एवढीच फट. नवरा उंबरं आणून भरवायचा.

फटीतून धनेशीण म्हणाली, "का गं, तोंड का उतरलं?"

"दोन भट्ट्या पाहिल्या. एक काचेला बरी, एक मातीला."

"काय विचारलंस त्यांना?"

"किती तापतात ते."

"ते सगळेच विचारतात. किती सावकाश निवते ते विचार. मी इथं तीन महिने मातीआड बसलेय. एक दिवस आधी भिंत फोडली तर पिल्लं जातील. आणि तुझ्या पाठीमागं काय पडलंय ते बघ. आंधळी आहेस का?"

केवडेनं वळून बघितलं. आईच्या भट्टीची भिंत हातभर जाड होती. छत बसलं होतं, पण आतली ठेवण दिसत होती. खाली पोट, आगीला लागून, मातीसाठी. वर माळा, आगीपासून लांब, काचेसाठी. आग एकच, पण जिला जेवढी सोसेल तेवढी वाटून दिलेली. दोन पोरांना एका ताटात जेवू घालावं तशी.

केवडेनं शेण, माती, भुसा कालवून छत घातलं. पोटात पणती ठेवली, माळ्यावर साच्यावर शेवटची चकती. बाभळीचं सरपण लावलं, एक दिवस आग घातली आणि दार लिंपून टाकलं. आता तीन दिवस थांबायचं.

पहिल्या सांजेला भिवराबाई वस्तूंची नावं निम्मी विसरली. दुसऱ्या सांजेला भाकरी हातात घेऊन बसली, तिचं काय करायचं ते आठवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी केवडेकडे बघून म्हणाली, "तू कुणाची गं बाई? चांगली दिसतेस."

केवडा उठली आणि भट्टीच्या दारापाशी गेली. तेवढ्यात राजा धावत आला, अनवाणी, हातात तोच चांदीचा दंड.

राजा म्हणाला, "माझी लेक मला बघून दाईच्या मागं लपली. फोड ते दार."

केवडेनं दाराच्या लिंपणात बोटं घातली. राजानं दंड उचलला. तेवढ्यात कुणीतरी त्याचं मनगट धरलं. भिवराबाईनं. तिला राजा ठाऊक नव्हता, लेक ठाऊक नव्हती, स्वतःचं नाव ठाऊक नव्हतं. पण हाताला भट्टी ठाऊक होती.

"अरे बाबा," ती म्हणाली, "भट्टी अशी उघडतात होय? तिच्या पाठीला तळवा लाव आणि ओवी म्हण. ओवी सरेपर्यंत हात टिकला तर उघड. नाही टिकला तर गप बस." आणि ती स्वतःच म्हणू लागली:

"माती माझी माय, आग माझी सासू,
सासूच्या गं घरी सावकाश हासू.
निव गं भट्टीबाई, घाई नको करू,
तुझ्या गं पोटात माझं लेकरू."

राजानं तळवा लावला. "माती माझी माय" म्हणाला आणि हात झटकला. तळवा लाल झाला होता. तो खाली बसला.

पुढचा प्रहर गेला. राजानं पुन्हा हात लावला. दोन ओळी झाल्या, तिसरीत हात निघाला. दंड कुठं ठेवला होता तेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. तिघं भिंतीला टेकून बसली, आणि राजा आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी वाट बघत बसला.

ऊन कलतीला लागलं. तिसऱ्यांदा राजानं तळवा ठेवला. माती माझी माय. सावकाश हासू. घाई नको करू. माझं लेकरू. ओवी सरली, हात तिथंच होता. भिंत ऊबदार होती, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी.

केवडेनं दार सोडवलं. पणती बोटानं वाजवली, खणखणीत. घुमटी हातात घेतली, निळसर, आणि काचेच्या मनात आता काही नव्हतं. वर झाडात त्याच वेळी धनेशिणीनं आपली भिंत फोडली, आणि दोन पिल्लं फांदीवर येऊन बसली.

सांजेला वेशीवर दिवा लागला. उजेड आधी राजवाड्याच्या सज्जात गेला, तिथं राजा अजून अनवाणीच उभा होता. राजाची लेक दाईच्या मागून निघाली आणि ओरडली, "बाबा, चप्पल कुठं गेली तुमची?"

मग उजेड भिवराबाईच्या अंगावर आला. तिनं केवडेकडे बघितलं. मग म्हणाली, "केवडे, हाताला काजळी केवढी लागलीय. धू आधी. आणि पेज टाकलीस का चुलीवर?"

केवडा हात धुवायला गेली आणि बराच वेळ धूत बसली.

त्या दिवसापासून त्या राज्यात नवा राजा झाला की त्याला आधी भिवराबाईच्या तापलेल्या भट्टीशी नेतात, पाठीला तळवा लावायला सांगतात आणि ओवी म्हणवून घेतात. हात टिकेपर्यंत थांबला तरच मुकुट. त्यांची माणसं त्यांना ओळखू आली, तशी तुमची तुम्हाला येवोत, आणि तुमच्या चुलीतली राख सावकाश निवो.