अग्निवस्त्राची बंदी

डोंगराळ मुलखातल्या एका राज्यात एकदा एक वृद्ध विणकर-आचार्य राहत होते. तिथल्या खाणीत तंतू सुटणारा दगड निघे; आज आपण त्याला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतो. तो कुटायचा, पिंजायचा, कापसाबरोबर कातायचा आणि त्याचे असे वस्त्र विणायचे, की मळले तर सरळ आगीत टाकावे. मळ जळे, वस्त्र पांढरेशुभ्र बाहेर येई. पाहणारे तोंडात बोटे घालत.

पिंजताना धूळ उडे. ती अंगावरून पुसायची नाही, अशी विणकरांची रीत. ज्याच्या भुवया अधिक पांढऱ्या, तो कारागीर मोठा! काय म्हणावे या माणसांना?

आचार्यांचा शिष्य सोमदत्त फार हुशार. पण राजाने आचार्यांना शाल दिली की याच्या पोटात दुखे. गुरूला तो अक्षरशः पाण्यात पाही. शेवटी त्याचाही दिवस उगवला. त्याचे वस्त्र राजाला आवडले आणि राजविणकराचे पद त्यालाच मिळणार असे ठरले.

त्याच आठवड्यात दवंडी पिटली गेली. खाण बंद! हा दगड कुणी पिंजू नये, कातू नये, विकू नये. असलेली वस्त्रे फाडू नयेत, ओली करून खोल पुरावीत. विणकरांना लोकरीचे माग राज्य देईल. आणि ही बंदी राजाकडे मागितली कुणी? खुद्द आचार्यांनी.

सोमदत्तच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आचार्य टेकडीवरच्या देवळात निघाले होते. त्याने धावत पायऱ्या चढून त्यांना अर्ध्या वाटेवर गाठले.

"आचार्य, हा मत्सर आहे, दुसरे काही नाही! माझे नाव होणार म्हणून तुम्ही विद्याच बुडवलीत!"

आचार्य पायरीवर बसले. छातीवर हात धरून त्यांनी आधी धाप जिरवली.

"मत्सर आहे खरा," ते म्हणाले. "पण तुझ्या हातांचा नव्हे रे, ते तर मीच घडवले. तू पायथ्यापासून धावत आलास आणि दम न घेता माझ्यावर ओरडलास. त्या श्वासाचा मला हेवा वाटतो. ही धूळ छातीत शिरली की निघत नाही. तरुणपणी समजत नाही, आणि समजते तेव्हा उपाय उरत नाही."

"मग आम्हालाच सांगायचे! राजाकडे कशाला गेलात?"

"सांगितले नव्हते का? तूच म्हणालास, म्हाताऱ्याला आपल्यापुढे कुणी जायला नको आहे. शिवाय एकाने काम सोडले, तर त्याच्या जागेवर टपलेला दुसरा लगेच बसतो. आपण सगळे एकमेकांवर जळणारे. अशांचे हात एकदमच थांबवावे लागतात, आणि ते राज्याचेच काम आहे."

सोमदत्तचा राग अजून पुरता गेला नव्हता.

"माझ्या बायकोने तर या दगडाला कधी हातही लावला नाही," आचार्य हळूच म्हणाले. "संध्याकाळी ती माझे कपडे तेवढे झटकायची. खोकून खोकून माझ्याआधी गेली."

सोमदत्तने सूर्याकडे पाहिले. दिवस कलला होता. तो एकदम वळला आणि पायऱ्या उतरत धावत सुटला. घर अजून दूर होते, तरी तो वाटेतूनच बायकोला हाका मारून ओरडत होता, "अगं, ते कपडे झटकू नकोस! खाली ठेव ते कपडे!"