रंगाऱ्याची ओंजळ

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजे होते, पण त्यांची नावं लिहून ठेवावीत असं कुणाला वाटलं नव्हतं. एकाच नदीवर दोन राज्यं होती, एक वरच्या अंगाला आणि एक खालच्या अंगाला. मधे शिवेचा दगड. खालच्या राज्यातल्या एका गावात रंगाऱ्यांची आळी होती, आणि त्या आळीत एक रंगारी राहायचा. त्याच्या हातचं निळं लुगडं फाटायचं, पण विटायचं नाही.

त्या गावाचा एक जुना नियम होता. कापड रंगवून झालं की रांजणातलं पाणी थेट नदीत सोडायचं नाही. वाळू आणि कोळसा भरलेल्या तीन खड्ड्यांतून ते एकामागून एक मुरवायचं. तिसऱ्या खड्ड्याचं तोंड फोडण्याआधी रंगाऱ्याने त्यातलं ओंजळभर पाणी स्वतः प्यायचं, तेही घाटकऱ्याच्या डोळ्यांदेखत. घाटकरी म्हणजे नदी राखायला राजाने नेमलेला माणूस. रंगारी प्यायला तर पाणी नदीत, नाही प्यायला तर आणखी आठ दिवस खड्ड्यात. खड्डे उपसण्याचा खर्च भागावा म्हणून दर रांजणामागे कर होता.

रंगारी या सगळ्यावर करवादायचा. खरं सांगायचं तर त्याचं सगळंच चुकत नव्हतं. राजाचे कारकून कर न्यायला पहाटे हजर आणि कोळसा द्यायला सदा गैरहजर. एकदा नवी वाळू यायला दोन महिने लागले. रांजण कोरडे राहिले, अख्खी लग्नसराई हातची गेली, आणि कर मात्र चुकला नाही.

अशात एक दिवस वरच्या राजाचा माणूस आळीत आला. "आमच्याकडं चला," तो म्हणाला. "जागा फुकट. कर नाही, खड्डे नाहीत, घाटकरी नाही. तुमच्या पाण्याचं काय करता, ते आम्ही विचारणार नाही."

रंगाऱ्याने त्याच आठवड्यात गाड्या भरल्या.

त्याची एकुलती लेक या खालच्या गावातच दिली होती. तिचा नवरा नदीच्या वाळूत कलिंगडाचे वेल लावायचा, आणि वाळूत झिरा खणून त्याचंच पाणी ते घरी प्यायचे. बापाला निरोप द्यायला ती आपल्या चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली.

"आबा, वर सोडलेलं पाणी खालीच येतं की," ती म्हणाली.

रंगारी हसला. "अगं पोरी, मधी शीव हाय. आन् कोसभर वाहून आल्यावर त्यात राहतंय काय? तिसऱ्या वळणाला रंगसुदीक दिसायचा न्हाई."

इथेच तो फसला, आणि असा फक्त रंगारीच फसू शकतो. त्याचा जन्म गेला डोळ्याने पाणी पारखण्यात. रंग गडद म्हणजे पाणी जिवंत, रंग उतरला म्हणजे पाणी निवळ, एवढंच त्याला ठाऊक. पण नीळ कापडाला धरावी म्हणून तो रांजणात हरताळ नावाचा पिवळा दगड कुटून घालायचा, आणि हरताळ म्हणजे उंदीर मारायचं विष. नीळ डोळ्याला दिसते. विरघळलेला हरताळ दिसत नाही. जुन्या लोकांनी डोळ्यावर भरवसा ठेवला नव्हता, म्हणूनच तर ओंजळ ठेवली होती.

वरच्या राज्यात पहिल्यांदा रांजण नदीत रिकामा केला, तेव्हा रंगारी काठाकाठाने तिसऱ्या वळणापर्यंत चालत गेला. बघतो तर पाणी काचेसारखं. तो समाधानाने परतला. ओंजळ मात्र त्याने भरली नाही. आता विचारणारं होतं कोण?

त्याचे बारा रांजण होते, ते दोन वर्षांत चाळीस झाले. त्याची भरभराट पाहून आळीतले बाकीचेही एकेक करत वर गेले.

खालच्या राजाचे धाबे दणाणले. आता शहाण्याने काय करावं? कारकुनांचे कान उपटावेत, वाळू वेळेवर द्यावी. त्याने तसं केलं नाही. त्याने घाटकऱ्याला घरी बसवलं, तिन्ही खड्डे बुजवले आणि दवंडी पिटली, की परत या, आमच्याकडेही आता काही विचारत नाहीत. काही रंगारी परत आले. तेव्हा वरच्या राजाने रंगाच्या भट्ट्यांना लाकूड फुकट केलं. मग खालच्याने रांजणात घालायचा चुना फुकट केला. दोन राजे, नदी एकच, आणि दोघेही ती विकायला बसलेले. मला अजून त्या दोघांचा राग येतो.

आधी मासे गेले. मग कलिंगडाचे वेल फळ धरेनासे झाले. आणि तिसऱ्या उन्हाळ्यात रंगाऱ्याला लेकीचा सांगावा आला, की नातीच्या पोटात कळा येतात, अन्न ठरत नाही, तळहातांची कातडी झाडाच्या सालीसारखी खरखरीत झाली आहे.

तळहातांचं ऐकून रंगाऱ्याने काय झालंय ते ओळखलं. हरताळ कुटणाऱ्या जुन्या गड्यांचे असेच हात त्याने पाहिले होते. तो तडक वरच्या राजाकडे धावला.

"महाराज, खड्डे खणायला पायजेत! आजच्या आज!"

"खड्डे करातून खणले जातात," राजा शांतपणे म्हणाला. "तू कर देतोस?"

"देतो, महाराज. दुप्पट देतो. पर समद्या रंगाऱ्यांस्नी सांगा, पानी सोडू नका म्हनून."

"ते कसं सांगू? मी त्यांना वचन दिलंय, की तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. तुला दिलं होतं तेच वचन."

 रंगारी उठला आणि उन्हातान्हाचा आपल्या जुन्या गावी निघाला. निदान तिथले खड्डे तरी असतील, आपले रांजण तिथे परत नेता येतील, असं त्याला वाटत होतं. खड्ड्यांच्या जागी गवत माजलं होतं, आणि शेजारी म्हातारा घाटकरी बिनकामाचा बसून होता.

"बाबा, खड्डे कुठं गेले?"

"तुमास्नी माघारी आनायला बुजवले," घाटकरी म्हणाला. "आधी लेकीकडं जा तुझ्या."

लेकीच्या अंगणात बायका जमल्या होत्या.  नात सकाळीच गेली होती.

बाप दारात उभा राहिलेला पाहून लेक उठली. तिने झिऱ्याच्या पाण्याचा तांब्या भरला आणि त्याच्यासमोर आली. नकळत त्याने ओंजळ पुढे केली. तिने पाणी ओतलं. पाणी इतकं निवळ होतं, की तळहाताच्या रेषा दिसत होत्या.

"घ्या, आबा," ती म्हणाली. "रंग न्हाई त्यात."

 ओंजळ ओठांपर्यंत काही जाईना. बोटांच्या फटींतून पाणी गळत राहिलं, गळून संपलं.

"माझी पोर रोज प्याली," लेक म्हणाली, आणि तांब्या घेऊन आत गेली. त्यानंतर ती बापाशी कधी बोलली नाही.

रंगाऱ्याने आपले चाळीस रांजण स्वतःच्या हाताने फोडले. त्याने नदीला काही फरक पडला नाही. वर दुसऱ्यांचे साठ रांजण होते, खाली पन्नास. तो गावात परतला आणि उरलेलं आयुष्य त्या बुजलेल्या जागी एकटाच कुदळ मारत राहिला. एक खड्डा पुरा झाला होता. दुसरा अर्धा खणून झाल्यावर तो गेला.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: शीव ओलांडून नियम चुकवता येतो, पण आपण खाली सोडलेलं पाणी शेवटी आपलंच कुणीतरी पितं.