सगुणाबाईने मागितलेले दुखणे

चुलीवरचे पातेले तिने उघड्या हातांनी उतरवले. फडके घेतले नाही की सांडशी घेतली नाही. पातेले जमिनीवर टेकले तेव्हा उजव्या अंगठ्याच्या पोटावरची कातडी पांढरी पडली होती. थोड्या वेळाने तिथे वाटाण्याएवढा फोड उठला. ती मात्र उकळत्या पाण्यात गूळ टाकत, मागचेच बोलणे पुढे चालवत राहिली. समोर बसलेल्या मत्तयबाबांचे लक्ष बोलण्यावरून उडाले आणि त्या अंगठ्यावर जाऊन थांबले.

मत्तयबाबा त्या दिवसांत प्रवरेच्या काठी, हिवरदरा गावात मुक्कामाला होते. अंगात पांढरी कफनी, हातात एकतारी आणि मुखी प्रभू येशूचे नाव, एवढाच त्यांचा संसार. गावोगाव पायी हिंडून ते प्रभूच्या दुःखसहनाचे कीर्तन करीत. उपवासकाळाचा शेवटचा आठवडा होता. हिवरदऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीने त्यांना उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, कीर्तनासाठी बोलावले होते, आणि मंडळीचे पंच शमुवेलराव यांच्या घरी त्यांची उतरण्याची सोय केली होती.

सकाळी नदीवरून परतताना शेताच्या बांधाजवळच्या खोपटातून धूर निघताना बाबांना दिसला. त्यांनी हाक मारली, "बाई, घोटभर चहा मिळेल का?"

आतली बाई दचकली. तिच्याकडे चहा मागणारा माणूस कित्येक वर्षांत आला नव्हता. तिचे नाव सगुणाबाई.

"बाई, तुमचा हात भाजलाय," बाबा म्हणाले.

दुसऱ्या कुणाचा तरी बघावा तसा तिने आपला अंगठा उलटा करून पाहिला. "व्हय की. मला कळत न्हाई, बाबा. मला कुष्ठरोग झाला व्हता. लई वर्सं दवाखान्यात काढली. आता बरी झाले, माझ्यापासून कुणाला काही व्हायचं न्हाई, असं डाक्टरांनी सोता येऊन दादाला सांगितलं. पण हातातलं कळणं गेलं ते गेलंच."

"दादा कोण?"

"तुम्ही ज्यांच्याकडं उतरलाय तेच."

शमुवेलरावांनी काल रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांची नावे सांगितली होती. त्यात बहिणीचे नाव नव्हते.

शमुवेलराव मनाने दुष्ट नव्हते, भित्रे होते. बहीण दवाखान्यातून आली तेव्हा ते म्हणाले, सुगी होऊ दे, मग घरी आणू. सुगी झाल्यावर म्हणाले, नाताळ होऊ दे. मग मुलीची, एस्तेरची, सोयरीक निघाली. पाहुण्यांना काय सांगायचे? लग्न होऊ दे, मग बघू. लग्न झाले. आता एस्तेर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिच्या सासरी आत्याचे नावही ठाऊक नव्हते. सगुणाबाई विधवा होती, मूलबाळ नव्हते. ती बांधावर राही, गुरांचे करी आणि सांगतील तेव्हा मागच्या अंगणात पाणी तापवायला येई. तिने गरम भांडे हातात धरले की शमुवेलराव चार लोकांत हसून म्हणत, "आमच्याकडं चिमट्याचा खर्च न्हाई. सगुणा हाय ना!"

तिच्याकडे चहासाठी एकच टिनाचा मग होता. तो पुढे करताना ती अडखळली. बाबांनी तो घेतला आणि ओठाला लावला. सगुणाबाईने तोंड फिरवून डोळे पुसले.

"बाबा, माझ्यासाठी प्रभूजवळ एक मागाल का?"

"मागू की. घर मागायचं ना?"

"घर दादाच्या हातात हाय. मला दुखणं पायजे."

बाबांना वाटले, आपण चुकीचे ऐकले.

"दुखणं," ती पुन्हा म्हणाली. "उत्तम शुक्रवारी समद्या बाया रडत्यात. प्रभूच्या हातात खिळे ठोकले म्हणत्यात. मी माझे हात बघते. मला खिळा ठोकला तर मी नुसती बघत बशीन! एस्तेर ल्हान असताना माझ्याच मांडीवर निजायची. आता तिच्या गालाला हात लावला तर मला गाल कळायचा न्हाई, आन् दगडबी कळायचा न्हाई. दुखल्याबिगर काही आपलं व्हत न्हाई, बाबा. एवढं मागा."

बाबांनी चहाचा मग खाली ठेवला. ते सावकाश म्हणाले, "बाई, दुखणं जावं म्हणून मी आजवर शेकडो माणसांसाठी गुडघे टेकले. यावं म्हणून कधी टेकले नाहीत. ही प्रार्थना मला येत नाही. तुम्ही सांगा, मी मागून म्हणतो."

आणि त्या खोपटात, धुराने काळ्या झालेल्या कुडाजवळ, एका टाकलेल्या बाईने प्रार्थना सांगितली आणि त्या थोर भक्ताने तिच्यामागून ती म्हटली!

त्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, प्रार्थनामंदिरात मंडळी जमली. सगुणाबाई नेहमीप्रमाणे दाराबाहेर चिंचेखाली बसली होती. बाबांनी कीर्तनापूर्वी विनंती केली, "तुमची एक बहीण बाहेर बसली आहे. तिच्या हातांना दुखणं कळावं, यासाठी आज सगळ्यांनी मागावं."

आधी कुजबुज झाली. मग पुढच्या रांगेतून शमुवेलराव मोठ्याने म्हणाले, "बाबा, लोक देवाच्या दारात दुखणं टाकायला येत्यात. आमची सगुणा न्यायला आली! थोडी पाठदुखी माझ्याकडची दिऊ का?"

सगळे मंदिर हसले. बाहेर चिंचेखालीही ते हसू पोहोचले. सगुणाबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

मत्तयबाबा रागावले नाहीत. त्यांनी एकतारीची तार छेडली आणि तिचा नाद विरेपर्यंत थांबले. मग ते म्हणाले, "प्रभूला वधस्तंभावर चढवण्याआधी शिपायांनी बोळ नावाचा कडू डिंक मिसळलेला द्राक्षारस पुढे केला. तो प्याला की अंग बधिर होतं. खिळा आत जातो आणि माणसाला कमी कळतं. मरणाऱ्यावर तेवढी दया करायची रीत होती. प्रभूने तो ओठाला लावून पाहिला आणि घेतला नाही. का घेतला नाही? ज्याला काहीच कळत नाही तो आपलं ओझं उचलणार कसा? आपल्यापर्यंत यायला त्याला वेदनेखेरीज दुसरी वाट नव्हती. बाहेर बसलेली बाई तीच वाट मागते आहे. हसू नका. आपल्यापैकी पुष्कळांनी तो द्राक्षारस कधीच पिऊन टाकला आहे, आणि आपले हात तर धडधाकट आहेत."

मंदिरात कुणी हसले नाही. शमुवेलरावांनी खाली बघत उपरण्याचे टोक बोटाभोवती गुंडाळले. पण घरी जाताना त्यांनी चिंचेखाली पाहिले नाही.

शुक्रवार उपवासात आणि कीर्तनात गेला. शनिवारी सकाळी एस्तेरला कळा सुरू झाल्या. शेजारच्या वाडीची सुईण आली. मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर हंडा चढला आणि सगुणाबाईला निरोप गेला. ती आली, जाळ घालत बसली. तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नव्हते. मत्तयबाबा अंगणातल्या बाजेवर डोळे मिटून बसले होते.

दुपार कलली. आतून एस्तेरचे ओरडणे येई, मग थांबे, मग पुन्हा येई. "आत्याला बोलवा," असे ती दोनदा म्हणाली. शमुवेलराव ओसरीवर तोंड दाबून बसले होते, त्यांनी ऐकले नाही असे दाखवले.

मूल जन्मले आणि घर शांत झाले.

ती शांतता वाईट होती. सुईण दारात आली. तिच्या हातात सूप होते आणि सुपात फडक्यावर एक निळसर, लुळे बाळ. "पोरगा व्हता," ती म्हणाली. "श्वास न्हाई. मला आत पोरीकडं बघू द्या, रक्त लई जातंय." आणि तिने सूप ओसरीच्या कडेवर ठेवले.

शमुवेलरावांना तिकडे बघवेना. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "सगुणा, घेऊन जा त्याला. धू आन् गुंडाळ."

असे काम तिलाच सांगत. सगुणाबाईने सूप उचलले, चुलीजवळ आणले. हंड्यातले पाणी घंगाळात ओतले. बाबा उठून तिच्याजवळ येऊन उभे राहिले. तिचे ओठ हलत होते. तिने बाळाला डाव्या हातावर घेतले आणि पाणी ढवळायला उजवा हात घंगाळात घातला.

"आई गं!"

ती किंचाळली आणि हात बाहेर ओढला. बाबांनी पाहिले, ती त्या हाताकडे डोळे फाडून बघत होती. "बाबा, पाणी कढत हाय! भाजलं मला! बाबा, दुखतंय!" तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. अंगठ्यावरचा फोड ठणकत होता, जुन्या भाजल्याच्या जागाही जणू एकदम जाग्या होऊन ओरडत होत्या. ती हसत होती की रडत होती, हे तिलाही सांगता आले नसते. तशीच तिने बाळाला छातीशी धरले आणि पोळलेला हात त्याच्या इवल्या छातीवर ठेवला.

मग तिचा हात तिथेच थांबला.

"थांबा," ती पुटपुटली. "बोलू नका कुणी." तिचा अंगठा बाळाच्या छातीवर डाव्या बाजूला टेकला होता. त्या अंगठ्याखाली काहीतरी हलले. अगदी मंद. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा.

"हाय! बाबा, बाळ हाय!"

तिने करंगळीने त्याच्या तोंडातला चिकट पडदा काढला, त्याला हातावर पालथे घेतले, पाठ चोळली. उताणे करून त्याच्या नाकातोंडावर हलकेच फुंकर घातली. पुन्हा पाठ चोळली. "ऊठ माझ्या राजा. ऊठ. तुझी आजी हाय मी." बाबा गुडघ्यांवर बसले होते.

बाळाने एक उचकी दिली. दुसरी दिली. निळा रंग ओठांच्या कडेपासून हळूहळू मागे सरला, आणि ते रडले! आधी मांजराच्या पिलासारखे, मग चांगले टाहो फोडून.

धन्य त्या प्रभूची! ज्या हातांना जाळ कळत नव्हता, त्यांना त्याने नेमक्या त्या घटकेला वेदना दिली, आणि वेदनेच्या पाठोपाठ एका जिवाची चाहूल दिली. पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाचणी टोचून तपासले. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे, एवढीच जागा जिवंत झाली होती. हातांचा बाकीचा भाग पूर्वीसारखाच बधिर. इतक्या वर्षांनी असे व्हायला नको, एवढेच ते म्हणाले. सगुणाबाईने तेवढीच जागा मागितली असती तरी तिला पुरली असती.

आतून एस्तेरचा क्षीण आवाज आला. "आत्या, इकडं आण त्याला." सुईणीने दार उघडले. एस्तेरचा रक्तस्राव थांबला होता. सगुणाबाई उंबऱ्याशी घोटाळली, भावाकडे पाहिले. भावाने नजर खाली वळवली. ती आत गेली.

शमुवेलराव अंगणात आले आणि मत्तयबाबांच्या पायांवर पडू लागले. बाबा दोन पावले मागे सरले.

"माझ्या पायांशी काही नाही, शमुवेलराव. मी नुसता तिच्यामागून बोलत होतो. तुमचं एक बोलायचं राहिलंय, ते बोला."

"बोलतो, बाबा. बोलतोच. उद्या विहीणबाई यायच्यात बाळाला बघायला. त्या एकदा जाऊ देत, मग..." आपलेच शब्द कानावर पडले तसे ते मध्येच थांबले. त्यांचा चेहरा उतरला. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते मंदिराकडे गेले.

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा सण. सकाळची भक्ती झाली, लोक एकमेकांना "प्रभू उठला आहे" म्हणत घरोघरी निघाले. तेवढ्यात शमुवेलरावांच्या दारात छकडा उभा राहिला आणि एस्तेरची सासू, मार्थाबाई, झबली आणि डिंकाचे लाडू घेऊन उतरल्या. बाई मोठ्या ठसक्याच्या. त्या थेट माजघरात आल्या. एस्तेर न्हायला गेली होती, आणि बाळ भिंतीशी बसलेल्या एका बाईच्या मांडीवर होते. मार्थाबाईंची नजर बाळावरून त्या बाईच्या आखडलेल्या बोटांवर गेली.

"अगं बाई! ही कोण? हिची बोटं अशी का?"

घरातले सगळे जिथल्या तिथे थबकले. मत्तयबाबा दारात उभे होते.

सगुणाबाईने भावाचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला. तिने बाळाला हळूच गोधडीवर ठेवले आणि पदर सावरत उठली. "मी शेतावरची, बाई," ती म्हणाली. "पाणी तापवाया आले व्हते. जाते आता."

ती दाराकडे वळली. बाबा दारातून हलले नाहीत. ते शमुवेलरावांकडे बघत होते.

शमुवेलरावांनी डोक्यावरचा फेटा काढला. ज्या माणसाला गावाने कधी बोडक्या डोक्याने पाहिले नव्हते, तो माणूस पुढे आला, वाकला, आणि सगळ्यांदेखत त्याने धाकट्या बहिणीच्या पायांवर कपाळ टेकले. "दादा, हे काय? ऊठ," सगुणाबाई कळवळून म्हणाली. ते उठले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"विहीणबाई, ही शेतावरची न्हाई. ही माझी सख्खी बहीण, सगुणा. हिला कुष्ठरोग झाला व्हता, तो बरा झाला. मी भ्यालो आन् हिला रानात ठेवलं. तुमचा नातू हिच्या हातानं जगलाय. तुम्हाला हे नातं ठेवायचं तर हिच्यासकट ठेवा, मोडायचं तर आत्ता सांगा. पण सगुणा आजपासून या घरात राहणार."