काळा राजा चालत निघाला

एकाच पाटाच्या पाण्यावर दोन गावे जगत होती, एक वरचे आणि एक खालचे. उन्हाळ्यात पाणी आधी कोणी घ्यायचे, हे दरवर्षी बुद्धिबळाच्या एका डावावर ठरे. पांढरी मोहरी वरच्या गावाची, काळी खालच्या गावाची. डाव बरोबरीत सुटला तर पाणी आधी वरच्या गावाला, असा जुना रिवाज होता.

त्यामुळे खालच्या गावाला जिंकावेच लागे. त्यांचे खेळाडू पहिल्यापासून तुटून पडत आणि हरत. मागच्या वर्षी पाणी खाली पोचेपर्यंत त्यांची वांगी झाडावरच सुकली. यंदाच्या रोपांनीही माना टाकल्या होत्या.

वरच्या गावाकडून एक सोनार खेळे. या वेळी त्याच्यासमोर खालच्या गावची वैद्यीण बसली. सोनाराने राजापुढचे प्यादे सरकवले, तिनेही तेच केले. त्याने घोडा काढला, तिनेही काढला. पट आरशासारखा दिसू लागला. सोनार मनात हसला. त्याला बरोबरी पुरेशी होती.

"काकू, उन्हात कशाला बसता?" तो म्हणाला. "बरोबरी मान्य करा, गार ताक घ्या."

"ताक द्या," वैद्यीण म्हणाली. "बरोबरी नको."

तिच्या मागे उभा असलेला तिच्या गावचा एक जण कुरकुरला, "काकू, घुसा की आता. डुलकी लागली आम्हाला."

"मग झोप. जिंकले की उठवते."

सोनाराने वजिराला वजीर मारून घेतला, मग हत्तीला हत्ती, उंटाला उंट. दर वेळी दोघांकडे सारखेच उरे आणि त्याला हायसे वाटे. शेवटी एकेक घोडा आणि प्यादी तेवढी राहिली. अदलाबदल करायला त्याने घोडाही पुढे केला. तिने आपला घोडा अलगद बाजूला घेतला.

तेव्हा कुठे सोनाराने नीट पाहिले. त्याचा राजा अजून कोपऱ्यातच होता. काळा राजा मात्र पटाच्या मध्यावर उभा होता. तो तिथे आला कधी? वजीर गेल्यापासून एकेक घर, सोनाराच्या डोळ्यांदेखत चालत आला होता.

सोनाराने घाईने आपला राजा बाहेर काढला, पण जी वाट अडवायला जावे तिथे काळा राजा आधीच हजर. दोन्ही गावांची माणसे श्वास रोखून बघत होती. मग एक काळे प्यादे एक घर सरकले. शह बसला आणि पांढऱ्या राजाला हलायला जागा उरली नाही. प्यादेमात, सगळ्यांत मानाची मात. सोनाराने तिच्याविषयी आजवर फक्त ऐकले होते.

"काकू, पट तर सारखाच होता," तो हळूच म्हणाला.

"होता ना. तुम्हाला तो तसाच राहायला हवा होता. मला नको होता."

सोनार उठला, पाटावर गेला आणि आपल्या गावाकडे पाणी सोडणारी फळी त्याने स्वतःच्या हाताने बंद केली. खाली धावणाऱ्या पाण्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

तात्पर्य: दोन्ही बाजू सारख्या दिसल्या म्हणून डाव संपत नाही. बरोबरीवर जो समाधान मानतो तो पाहायचे थांबतो, आणि जो पाहत राहतो त्याला वाट सापडते.