बिजागरीजवळचा मान

दार काही उघडेना! चिंचगडाचं नवंकोरं दार, आठ हात रुंद, अस्सल सागवानी. त्यातून हैबतराजांना आज पहिल्यांदा गडात पाऊल टाकायचं होतं. दहा मानकरी रेटून रेटून घामाघूम झाले, पण दार जागचं हलेना.

आता या मानकऱ्यांची रीत ऐका. ज्याचा मान मोठा, त्यानं राजाच्या जवळ उभं राहायचं! राजांचं आसन सावली बघून मांडलं होतं, ते नेमकं बिजागरीच्या बाजूला. मग काय! सेनापती बिजागरीला चिकटले, दिवाणजी सेनापतींना, आणि उरलेले कोपरानं ढोसत तिथंच कोंबले गेले. दाराच्या दुसऱ्या कडेला कुणी फिरकलंसुद्धा नाही. तिथं उभं राहिलं की मान गेलाच!

"दारच खोटं आहे!" सेनापती धापा टाकत म्हणाले.

"धरा त्या सुताराला!" राजे गरजले. "दिवस मावळायच्या आत दार उघडलं नाही, तर त्याचे दोन्ही हात तोडा!"

दार घडवणाऱ्या सटवाजी सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची बायको गोजरा मात्र पदर खोचून पुढं आली.

"नाचता येईना अंगण वाकडं! महाराज, दार मी उघडते. येकटी!"

मानकरी फिदीफिदी हसले.

"नाही उघडलं तर तुझेही हात जातील," राजे म्हणाले.

"जाऊ द्यात. पर दाराजवळ जागा पायजे."

"बिजागरीजवळची? तुला?" सेनापती कडाडले.

"ती तुमचीच ऱ्हाऊ द्या. मला तिकडल्या कडंची द्या, कुनालाच नको ती!"

गोजरानं कडेला दोन्ही तळवे टेकले आणि अंगाचा भार टाकला. दार करकरलं आणि बघता बघता उघडलं!

"आम्हीच ते आधी सैल केलं होतं!" सेनापती ओरडले.

"मग आता मी लावते. तुम्ही तुमच्या मानाच्या जागी हुबं ऱ्हाऊन अडवा!"

सेनापतींनी बिजागरीपाशी पाय रोवले. गोजरानं पलीकडून कड रेटली. सेनापतींच्या मोजड्या मातीत फरफटल्या, पागोटं घरंगळलं आणि दार लागलं!

"कुठला मंत्र हा?" राजांनी विचारलं.

"मंतर कसला! जात्याचा खुंटा मधी न बसवता कडंला का बसवत्यात? बिजागरीपासनं जितकं लांबनं रेटाल, तितका जोर कमी लागतो. दळनाऱ्या कुठल्याबी बाईला ठावं हाय. तुमच्या मानकऱ्यांनी कधी जातं वढलंय?"

"सोडा सुताराला!" राजे म्हणाले. "आणि बाई, उद्यापासून दरबारात तुझी जागा अगदी माझ्याजवळ!"

गोजरानं हात जोडले. "नगं महाराज! तुमच्याजवळ हुबं ऱ्हाऊन कितीबी जोर लावला तरी काय हलत न्हाई, आत्ताच बघितलं की!"

मानकऱ्यांनी श्वास रोखला. राजे मात्र पोट धरधरून हसले. त्यांनी हातातली सोन्याची दोन्ही कडी उतरवली आणि सटवाजीच्या शाबूत हातांत घातली. मग हुकूम सोडला, "माझं आसन दाराच्या त्या कडेला मांडा!"

दहाही मानकरी धावत त्या कडेला गेले.