ठमाईचं चाक

डोंगरावर विजेचा खांब चढला नव्हता, तेव्हाची ही हकीकत. धारवाडी नावाचं गाव होतं, सह्याद्रीच्या कुशीत, बारमाही धबधब्याच्या पायथ्याशी. गावाचं पोट कोळशाच्या भट्ट्यांवर. ठेकेदार यायचा, माणसं झाडं तोडायची, भट्ट्या धुमसत राहायच्या. डोंगर बोडका होत गेला आणि एका आषाढात दरड कोसळली. चार घरं गाडली गेली. त्यांत ठमाबाईची धाकटी बहीण गेली.

ठमाबाई भांगरे गावची सरपंच होती. असं म्हणतात, बहिणीचं दहावं झालं तशी ती धबधब्यापाशी गेली आणि दिवसभर कातळाला कान लावून बसली. उठली ती थेट चावडीवर आली. तिनं ग्रामसभा बोलावली.

“भट्ट्या बंद,” ती म्हणाली.

म्हातारा देवजी उठला. “बंद करशील बाई, पण खायचं काय?”

“हे पाणी रोज वाया जातंय, देवजीबाबा. ते भात सडंल, दळण दळंल, दिवासुद्धा लावंल. बारा वाड्या आपल्याकडं दळायला येतील. मला एक साल द्या. नाही जमलं तर मीच भट्टी पेटवीन.”

ठराव झाला. ठेकेदार हसला. “पाण्यानं दिवा विझतो बाई, लागत नाही!”

लहानू सुतारानं दरडीत पडलेल्या ऐनाच्या झाडाचं चाक घडवलं. पुरानं ते मोडलं. दुसरं घडवलं, तेही वाहून गेलं. पुन्हा आषाढ आला, मुदत सरत आली. माणसं भट्ट्यांकडं बघू लागली.

तिसरं चाक बसवताना ओढा फुगला आणि आधाराचा खुंटा हलला. ठमाबाईनं कमरेला दोर बांधला, पाण्यात उतरली आणि खुंट्याला पाठ लावून उभी राहिली. असं म्हणतात, तीन दिवस ती हलली नाही. ओठ निळे पडले होते, तोंडात बहिणीचं नाव होतं. आणि तो उधाणलेला ओढा तिच्यापाशी येऊन दुभंगायचा, दोन्ही अंगांनी वळसा घालून जायचा.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. लहानूनं खुंटा ठोकला आणि चाक फिरलं, त्याला जोडलेलं वीज करायचं यंत्र घरघरलं. भरदुपारी धुक्यानं चावडीत अंधार दाटला होता. त्या अंधारात तारेला टांगलेला दिवा आधी लाल झाला, मग पिवळा, मग लख्ख. देवजी ठमाबाईच्या पायाशी वाकला.

“माझ्या नका पडू बाबा,” ती म्हणाली. “पाण्याच्या पाया पडा.”

मग बारा वाड्या दळणाला आल्या. भट्ट्यांवर गवत उगवलं, डोंगर पुन्हा झाकला गेला. असं म्हणतात, बुजलेले झरेसुद्धा तिच्या पावलांचा आवाज ऐकून फुटले.

ठमाबाई गेली, तिची ठमाई झाली. आता धारवाडीच्या कौलांवर सौरपट्ट्या चमकतात. पण डोंगराचा, पाण्याचा, उजेडाचा ठराव आला, की ग्रामसभेत डोंगराच्या बाजूनं पहिलं मत तिचं धरतात. ग्रामसेवक “ठमाईचा एक!” असं मोठ्यानं म्हणतो, मग बाकीचे हात मोजतो.

मागं एकदा दगडाच्या खाणीसाठी कुणी साहेब आले होते. मोठी आमिषं दाखवून गेले. सभेत हात वर झाले, तर दोन्हीकडं एकशे एकवीस. पण ठमाईचा एक त्याआधीच पुकारून झाला होता.

त्या डोंगरावर आजही खाण नाही.